उसनी आई

सुई टोचून सोडलेली उंदरीण पिंजऱ्यात शिरली आणि स्वतःच्याच पिल्लांवर पाय देत पलीकडे गेली.

पिल्लं मामाने मुद्दाम घरट्याबाहेर पसरून ठेवली होती. गुलाबी, डोळेही न उघडलेली. मामा संशोधक विद्यार्थी. प्रयोगशाळेतल्या सगळ्या उंदरणींची बाळंतपणं त्याच्याच हातून व्हायची, म्हणून हे नाव पडलेलं. एरवी आईने पिल्लं लगेच गोळा केली असती. आज तिच्या मेंदूतलं एक रसायन औषधाने अडवलं होतं. नाक शाबूत होतं, ओळख तेवढी गेली होती. एक पिल्लू वळवळत तिच्या पोटाशी आलं. तिने ते मागच्या पायाने भुशासारखं उडवलं.

"सुरेख!" प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या. "राहू दे तसंच."

"मॅडम, गार पडतील ती."

"पडू देत. मामा आहेस तू, आई नाहीस."

त्या चहाला गेल्या. मामाला राहवेना. त्याने उघड्याच हातांनी पिल्लं ओंजळीत उचलली आणि शेजारच्या पिंजऱ्यात ठेवली. तिथली उंदरीणही ओली बाळंतीण होती, पण सुई न टोचलेली. आपल्या पिलावळीत आणखी चार तोंडं तिला काय जड होणार, असं त्याला वाटलं.

तिने पहिलं पिल्लू हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग चावली. मामाने झाकण काढेपर्यंत तिने चौघांचाही निकाल लावला होता.

मॅडम आल्या, वाकून पाहिलं. आता त्या आपली चामडी सोलणार, म्हणून मामा मान खाली घालून उभा.

"बरं झालं की," त्या म्हणाल्या. "औषध नसलं की ओळख किती चोख चालते, तेही कळलं. उद्या पुन्हा कर. ठरवून."

हात धुवायचंही त्याला सुचलं नाही. तो तिथेच बसून राहिला.

थोड्या वेळाने औषध उतरलं. पहिली उंदरीण दचकून उठली. तिने घरटं हुंगलं, कोपरे हुंगले, भुसा उकरला. तिला शांत करायला मामाने हात आत घातला, तशी ती धावत आली. बोटं हुंगली, चाटली. मग त्याची करंगळी दातांत अलगद धरून ती घरट्याकडे ओढू लागली.