जुन्या टेपा

मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं त्या वर्षी वाळूजच्या एका कारखान्यात टेप आणि ऑप्टिकल डिस्कवरची माहिती सांभाळणाऱ्या युनिक्स सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख श्रीधर यानं पुस्तिका न वाचताच ती चालवली आणि जुन्या टेपांवरची वर्षभराची माहिती पुसली गेली.

मॅनेजरनं जाब विचारताच तो बोलून गेला, "टेपा मुंजाबानं लावल्या होत्या."

टेपा बदलणाऱ्या मुंजाबाला त्याच दिवशी कामावरून काढलं.

दुसऱ्या सकाळी मुंजाबा पिशोरहून पहिल्या एसटीनं श्रीधरकडे आला. "साहेब, मला माफीचा अर्ज लिहून द्या. माझं काय चुकलं ते मला समजलंच नाय. तुम्हाला ठाऊक असंल."


श्रीधरनं मान वर न करता अर्ज लिहिला, मुंजाबाच्याच नावानं.