चौघांपैकी एक

मराठी मंडळाच्या जेवणाला मैत्रीने आणलेल्या वांग्याच्या भाजीची पातळी अर्ध्या तासात जराही उतरली नव्हती. शेजारची मटकीची उसळ तळाला गेली होती. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, असं ती लॅबमधल्या शिकाऊ मुलांना नेहमी सांगायची. पण दुसरं निरीक्षणही समोरच होतं. सुनेत्राकाकू तिच्याकडे बघत बघत कुणाच्या तरी कानाशी लागल्या होत्या.

२००१ साली अमेरिकेत, मॉरिसव्हिलला आल्यापासून पाच वर्षं मैत्री आणि रवी मंडळात नुसते 'नागपूरकडचे' होते. आडनावावरून जात कळत नव्हती, आणि त्यांनी सांगितली नव्हती. मंडळातलं कुणी घरी येणार असलं की हॉलमधला बाबासाहेबांचा फोटो बेडरूममध्ये जायचा. योग्य वेळी सांगू, असं रवी दर वेळी म्हणायचा.

तिकडे सोफ्यावर त्यांची मुलगी नेत्रा मोहनकाकांना, म्हणजे सुनेत्राकाकूंच्या यजमानांना, शाळेचा प्रोजेक्ट सांगत होती. गुलामगिरी संपल्यावर जॉर्जियाच्या विधानसभेत काळे आमदार निवडून आले. १८६८ साली गोऱ्यांनी त्यांना बाहेर काढलं. चौघे तेवढे राहिले. ते इतके उजळ होते, की काळे असल्याचं सिद्ध करता येईना. नेत्राचा आमदार त्या चौघांपैकी एक.

"मग त्याने काय केलं गं?" मोहनकाकांनी विचारलं.

"नथिंग, काका. ही केप्ट हिज सीट."

मैत्रीने ऐकलं. तेवढ्यात काकू शेजारी येऊन बसल्या. गाव कुठलं, सासरे काय करायचे, घरचं दैवत कुठलं. मैत्री तोलून तोलून उत्तरं देत राहिली. शेवटी काकूच हसल्या.

"अगं, उलटतपासणी नाही घेत मी. यंदा मंडळाच्या गणपतीच्या पूजेला तुम्ही दोघांनी बसायचं, असं कमिटीत ठरलंय. गुरुजींना तेवढं गोत्र कळवायचं. माहीत नसेल तर काश्यप सांगते. सगळ्यांना चालतं ते."

म्हणजे संशय तिच्याच मनात होता. आणि आता तर खोटंही बोलावं लागणार नव्हतं, नुसतं गप्प राहिलं की भागत होतं. समोरून रवीने हळूच मान हलवली, हो म्हण. सोफ्यावरून नेत्राही वळून बघत होती.

"काश्यप नको, काकू," मैत्री म्हणाली. "आम्ही पूजेला नाही बसणार. आम्ही बौद्ध आहोत, बाबासाहेबांचे."