चौथा बोल्ट
ओडवारनं, माझ्या नवऱ्यानं, ट्रॅक्टरवरची लोखंडी कमान पुन्हा काढून भिंतीला टेकवली होती. ट्रॅक्टर उलटला तर माणूस चिरडू नये, म्हणून असते ती. पण ती कोठाराच्या दारावरच्या फळीला अडते, आणि आमच्या साहेबांचा लाडका ट्रॅक्टर पावसात भिजता कामा नये! "चाळीस वर्षांत यानं कधी दगा दिला नाही," तो ऑइल बदलत म्हणाला. "तुझ्या भावाच्या ट्रॅक्टरनंही दिला नव्हता," मी म्हणाले. " फ्योर्डच्या खाडीकडच्या उतारावर भाऊ त्याच्याखाली सापडला, तेव्हाही इंजिन चालूच होतं. आणि कमान घरी होती." "गवत कापून होऊ दे, मग बसवतो गं." मी शिडी लावून दारावरची फळी करवतीनं कापायला घेतली. "अगं, आजोबांच्या हातचं दार आहे!" "आजोबांना सांग, नातसून माजलीय!" फळी धाडकन त्याच्या पायाशी पडली. त्यानं कमानीचा चौथा, शेवटचा बोल्ट आवळेपर्यंत मी करवत खाली ठेवली नाही.