सरळ खाली

"मोरीची जाळी निघाली का?" वरून बाबांनी विचारलं.

"निघाली!" लेक तळघरातून ओरडली. घोट्यापर्यंतच्या काळ्या पाण्यात ती वाकली होती. तोंड फिरवून तिने एक श्वास घेतला आणि पुन्हा खाली हात घातला.

बाबांनी चाळीस वर्षं लोकांच्या तुंबलेल्या मोऱ्या मोकळ्या केल्या होत्या. अंगावरून वारं गेल्यापासून ते जिन्याशेजारच्या खोलीत खाटेला खिळले होते. तरी घरात दुसरा प्लंबर आणायचा म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. "मी मेलोय का? मी सांगतो, तू कर." म्हणून सकाळपासून उघड्या दारातून हुकूम सुटत होते आणि लेक त्यांची पाईप मोकळे करायची जुनी, लांब तारेची स्प्रिंग मोरीच्या भोकात सोडत होती.

"ढकलू नको, फिरव. अडली की जोर लाव."

अडली. तिने जोर लावला. आत काहीतरी सुटलं आणि पाणी गरगरत खाली जाऊ लागलं.

"गेलं, बाबा!"

"जाणारच! लेक कुणाची?" ते खूश होऊन हसले. "किती गेली स्प्रिंग?"

तिने पाहिलं. हातात स्प्रिंगची नुसती मूठ उरली होती. "सगळी."

हसणं थांबलं. "सगळी कशी जाईल? पंचवीस फूट आहे ती. पाईप आठ फुटांवर वळतो."

"वळली नाही कुठे. सरळ खाली गेली."

"बाहेर ओढ. टोकाला काय लागलंय बघ."

ओढता ओढता तिचे खांदे भरून आले. "वाळू आहे. ओली, पिवळी."

वर खाट करकरली. मग, "मूठ फरशीवर ठोक. हळू."

तिने ठोकली. रिकाम्या पिंपावर थाप मारावी तसा आवाज आला. खांबाजवळ ठोकली. तिथेही तसाच. फरशीखालची माती वाहून गेली होती; हे तिला बाबांना सांगावं लागलं नाही, आवाज वर ऐकू गेला होता.

"वर ये," ते म्हणाले. इतक्या मऊ आवाजात ते तिच्याशी कधी बोलले नव्हते. "पळू नको. पाय आपटू नको."

ती वर आली तेव्हा त्यांनी चांगल्या हाताने पांघरूण दूर केलं होतं. "तू बाहेर हो. मग माणसं बोलाव."

"गप्प बसा."

तिने जमिनीवर चादर अंथरली, काखेत हात घालून त्यांना खाली घेतलं आणि चादरीसकट ओढू लागली. आठ पावलांची ती खोली संपता संपेना.

घराच्या बाहेरच्या दाराशी येऊन तिने कडी काढली, दार आत ओढलं. हललं नाही. तासाभरापूर्वी दूध घेताना हेच दार तिने एका बोटाने उघडलं होतं. तिने दोन्ही हातांनी दाराची मूठ धरली, पाय रोवला.

"ओढू नको," बाबा म्हणाले.

तिने वळून पाहिलं. जमिनीवर उताणे पडलेले बाबा तिच्याकडे बघत नव्हते. ते चौकटीचा खाली वाकलेला वरचा कोपरा बघत होते.

"दार अडकलेलं नाही, बाळा. दाराने छत धरलंय."

तिचे हात मुठीवरच राहिले. ओढायची जेवढी भीती वाटली, त्याहून जास्त तिला आता सोडायची वाटली.