दसऱ्यानंतरचा नेम

दसऱ्यापासून पूर्णिमाच्या रायफलीचं डोकं फिरलं होतं. रेंजवर एक गोळी डावीकडे तर दुसरी भलतीकडेच जायची. तिने दुर्बीण बदलली, काडतुसं बदलली, नळी घासली. “रायफल ग्रँड आहे, तुमचे हात थरथरत असतील,” दुकानदार म्हणाला. आयर्लंडमधल्या नावनच्या इस्पितळात रोज ऑपरेशनं करणारे हात! अशा नेमाने हरीण मरणार नाही, नुसतं तडफडेल. वैतागून तिने रायफल खोलली. नळी आणि दस्त्यामधल्या मोकळ्या फटीत कुंकू लावलेले तांदूळ अडकून नळीला रेटत होते. “बाबा!” ती ओरडली. तिच्या शिकारीवरून वर्षभर अबोला धरलेले सासरे अक्षतांची वाटी घेऊन आले. “दसऱ्याला शस्त्रपूजेत वाहिल्या, तेव्हापासून तू निघायच्या आधी गुपचूप वाहतो. यश यावं गं.” त्यांची मूठ पुन्हा रायफलीकडे वळली. पूर्णिमाने दातओठ खात रायफल पाठीमागे लपवली आणि डोकं पुढे केलं. “इथे टाका.”