एका कार्डावर दोघी

"चल, अर्धे काढ," खजिनदारीण हात पुढे करून म्हणाली. काडीने उशीच्या अभ्र्यात हात घालून नोटा काढल्या आणि तिच्या हातावर ठेवल्या.

दर एक तारखेला वसतिगृहातल्या दोघींच्या खोलीत हा कार्यक्रम व्हायचा. खानावळीचं कार्ड एक, जेवणाऱ्या दोघी. दुपारचं जेवण काडीचं, रात्रीचं खजिनदारणीचं. खर्च निम्मा आणि पोटही निम्मं. डोकं अर्थातच खजिनदारणीचं, आणि खानावळीत पैसे भरायलाही तीच जायची. हे नाव तिला उगाच पडलं नव्हतं. साबणाच्या उरलेल्या चकत्या एकमेकींना चिकटवून नवी वडी करणारी बाई ती! आणि काडी म्हणजे काडीच, फुंकर मारली तर उडेल अशी.

"तू रात्री पाणी पिऊन झोप, मी दुपारी बिस्किटांवर काढते. फिटंफाट," खजिनदारीण म्हणायची. "पैसे काय झाडाला लागतात?"

काडीला पटायचं ते. वडील गेल्यापासून आई लोकांचे कपडे शिवून घर चालवत होती. शेवटच्या परीक्षेची फी काडीलाच जमवायची होती. फी नाही तर परीक्षा नाही, परीक्षा नाही तर अख्खं वर्ष पाण्यात, आणि मिनतवाऱ्या करून ठरलेली नोकरीही पाण्यात. म्हणून कॉलेज सुटलं की ती थेट झेरॉक्सच्या दुकानात उभी राहायची. दुकान बंद करून परत येईपर्यंत पोटात कावळे ओरडायचे. खजिनदारीण तोवर जेवूनखावून, पुस्तक उघडून बसलेली असायची.

एकच गोष्ट काडीला खुपायची. खानावळीच्या भिंतीवर ठसठशीत पाटी होती: 'एका कार्डावर एकच माणूस.' आणि पाटीखाली काकू बसायच्या. खानावळ त्यांचीच. बाई तोंडाने फटकळ, पण वाढायला हात सैल. काडीच्या ताटात तर त्या न विचारता जास्तीचं टाकायच्या.

"जेव गं पोटभर. लाजायचं काय त्यात?"

जिला आपण फसवतोय, तीच आपल्याला आग्रह करतेय! तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"काकूंशी गप्पा झोडत बसू नकोस हं," खजिनदारणीने सुरुवातीलाच बजावलं होतं. "मान खाली घालून जेवायचं आणि उठायचं. बोलण्याच्या नादात काही निसटलं तोंडून, की दोघींची उचलबांगडी."

परीक्षेच्या तोंडावर एका दुपारी काकूंनी सगळ्यांना सांगून टाकलं, की महिनाअखेर खानावळ बंद. "भाडं वाढलंय. किती दिवस पदरचं घालू?" एवढं बोलून त्या पुन्हा वाढायला लागल्या. पण जरा वेळाने भांडी आत नेताना त्यांनी डोळे पुसले, ते काडीने पाहिलं. त्या दिवशी तिचं दुकानात लक्ष लागेना. दोनदा तिने कागद उलटे घातले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खजिनदारणीला म्हणाली, "आपण त्यांचं एक गिऱ्हाईक बुडवलं. मी माझ्या वाटणीचे परत करणार आहे. सगळे."

खजिनदारीण वेणी घालता घालता थांबली. "डोकं ठिकाणावर आहे का? उद्या फीची शेवटची तारीख!"

"दुकानातून उचल मागते. नाही मिळाली तर बघू."

"काय बघू? तिकडे आई शिलाई मशीनवर डोळे फोडून घेतेय आणि ही इथे धर्मात्मा व्हायला निघाली!"

काडीने फीसाठी साठवलेल्या नोटांचा अभ्रा रिकामा केला. ते पाहून खजिनदारणीचा आवाज एकदम मऊ झाला. तिने काडीचे दोन्ही हात धरले. "माझ्यासाठी तरी नको गं. काकूंना कळलं तर मला कुठे तोंड दाखवायला जागा उरणार नाही. तुला माझी शपथ." तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं.

काडीला भरून आलं. आईनंतर जगात तिला हक्काचं माणूस म्हणजे हीच. परक्या गावात हिने हात दिला नसता, तर पहिल्याच वर्षी ती गाशा गुंडाळून घरी गेली असती.

"तुझं नाव मेले तरी सांगणार नाही," ती म्हणाली. "माझी चोरी मी माझ्या तोंडाने सांगते."

दुपारी गर्दी ओसरेपर्यंत ती खानावळीच्या कोपऱ्यात थांबली. त्या दिवशी जेवलीही नाही. मग काकूंच्या टेबलावर तिने फीची सगळी रक्कम ठेवली.

"काकू, मी तुम्हाला फसवलं. कार्ड एक होतं आणि जेवत होतो दोघी. मी दर महिन्याला अर्धेच पैसे भरले. हे राहिलेले घ्या. दुसरी कोण, ते मात्र विचारू नका."

काकूंनी आधी नोटांकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"कसले अर्धे गं?" त्यांनी नोटा परत तिच्यासमोर सरकवल्या. "पहिल्या महिन्यात तुझी ती खोलीतली मैत्रीण माझ्यापुढे ढसाढसा रडली. हिला वडील नाहीत, खायचे वांधे आहेत म्हणाली. तेव्हापासून तुझं कार्ड फुकट आहे. तुला ओशाळं वाटेल, तिच्यापाशी विषय काढू नका, असं तिनेच सांगितलं, म्हणून मी कधी बोलले नाही."

काडीने नोटा उचलल्या आणि पुन्हा टेबलावर ठेवल्या.

"आणि आज न जेवता बसलीस होय?" काकू ताट घ्यायला उठल्या. "तू दुकानात असतेस म्हणून ती रोज रात्री तुझा डबा भरून नेते, तो तरी वेळेवर मिळतो ना गं तुला?"