टेम्पोपासून तिसरं घर

बमरोलीच्या त्या गल्लीत एकतीस घरं, चार विजेचे खांब, दोन नळ आणि एक बंद टेम्पो होता. घरांवर नंबर नव्हते, त्यामुळे जो तो पत्ता टेम्पोपासून सांगायचा. सरलाबाईंचं घर टेम्पोपासून तिसरं.

त्यांची धनश्री डिजिटल नकाशे शिकत होती. परीक्षेसाठी तिने जीपीएस यंत्राने गल्लीतल्या या अडतीस जागा मोजल्या आणि नकाशा जमा केला. एकही जागा मीटरभराहून जास्त चुकली तर नापास, आणि ठरलेली नोकरीही गेली. चार वाजता सर तपासायला येणार होते. दुपारी तिच्या लक्षात आलं की टेम्पोचा एक आकडा चुकलाय.

“आई, नकाशात टेम्पो सात मीटर पुढे गेलाय. आता नकाशा बदलता येत नाही.”

“इतलंच का वं?” सरलाबाईंनी पदर खोचला आणि शेजारपाजाऱ्यांना हाका मारल्या. “चाकाखालना दगड काढा रे!”

“अगं, टेम्पोत निंबाआप्पा झोपलेत!”

“झोपू दे. त्याले कोठे परीक्षा देनी शे?”

सरांनी टेप लावून मोजलं. टेम्पोची चूक नऊ सेंटीमीटर भरली. धनश्री पास झाली.



त्या दिवसापासून गल्लीतलं प्रत्येक कुरियर दोन घरं पुढे जातं.